जुनी मोटार : मोडावी की जपावी?

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेली काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रवासी सेवेतून निवृत्त झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मध्ये झाली होती आणि टॅक्सीसाठी ठरवलेली २० वर्षांची मुदत संपली होती. टॅक्सीचा प्रश्न नियमाने सुटला. परंतु घराच्या अंगणात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात उभ्या असलेल्या खासगी पद्मिनीचे काय करावे, हे तिच्या मालकालाच ठरवावे लागते.

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्यातील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये आलेली ‘फियाट ११०० डिलाइट’ पुढे ‘पद्मिनी’ या नावाने घरोघरी परिचित झाली. मोटार मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ होता. त्यामुळे अशी गाडी म्हणजे केवळ वाहन नव्हे, तर त्या काळाची खूणही होय.

अशी गाडी सुटी करून विकावी, या मताला आधार आहे. नवे सुटे भाग तयार होणे थांबले, की चालू असलेल्या गाड्या जुन्या गाड्यांच्या भागांवरच जगतात. एका गाडीचे दरवाजे, दिवे, गिअरपेटी आणि काचा यांमुळे दुसऱ्या तीन-चार गाड्या रस्त्यावर राहू शकतात. शिवाय दुरुस्तीचा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीहून अधिक होतो. अपुऱ्या पैशांत सुरू केलेले काम अर्धवट राहिले, तर गाडीही जाते आणि पैसाही.

म्हणून निर्णयापूर्वी गाडीची नीट पारख करणे आवश्यक असते. जाम झालेले इंजिन पाहून मालक घाबरतो. पण सिलिंडरला बोअरिंग करून आणि नवे पिस्टन बसवून कुशल मिस्त्री ते पुन्हा चालू करू शकतो. खरा धोका गंजाचा असतो. पद्मिनीला वेगळी चौकट नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे. तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या गंजून पोकळ झाल्या असतील, तर वरचा चकचकीत रंग निरुपयोगी ठरतो. उलट सांगाडा शाबूत असेल आणि हँडल, पट्ट्या, घड्याळे असे बारीकसारीक मूळ भाग जागेवर असतील, तर ती गाडी जपण्याजोगी मानावी. हेच भाग बाजारात शोधणे सर्वांत कठीण असते.

कागदपत्रांचे महत्त्वही कमी नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत करावी लागते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खासगी मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र ती मूळ स्वरूपात असावी लागते. सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, व्हिंटेज मोटारींच्या फेऱ्या, इंधन भरणे किंवा देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. याउलट गाडी कायमची मोडली, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो.

या दोन टोकांमध्ये एक मधली वाटही आहे. आज पैसे नसतील, तर गाडी कोरड्या जागी छताखाली ठेवावी, टाकीतील जुने पेट्रोल काढावे, बॅटरी सोडवावी आणि कागदपत्रे सांभाळावीत. स्वतःला जमणार नसेल, तर ती अखंड स्थितीत जाणकाराच्या हाती द्यावी. जिचा सांगाडाच खचला आहे, तिने मात्र आपले अवयव इतरांना द्यावेत. त्यातही तिचे सार्थक आहे.

निर्णय घेताना एक भेद ध्यानात ठेवावा. जपलेली गाडी उद्याही मोडता येते. पण एकदा मोडलेली गाडी पुन्हा उभी करता येत नाही. म्हणून हातोडा उचलण्यापूर्वी एकदा तिच्या तळाखाली डोकावून पाहणे, हाच शहाणपणा होय.