शेतीची पारख : कृषिपरिस्थितिविज्ञानाचा अर्थ आणि कसोटी

ग्रामविकासाच्या योजनांत आणि वर्तमानपत्रांत अलीकडे ‘अ‍ॅग्रोइकॉलॉजी’ हा शब्द वारंवार आढळतो. मराठीत त्यास कृषिपरिस्थितिविज्ञान म्हणता येईल. शब्द लांबलचक असला तरी त्यामागील कल्पना अवघड नाही. माती, पाणी, पीक, किडेमुंग्या, मासे, गुरे आणि माणूस यांचे परस्परांशी जे नाते असते, त्याचा अभ्यास करणे आणि ते सांभाळून शेती करणे, हा त्याचा अर्थ होय. रशियन कृषिशास्त्रज्ञ बेन्सिन यांनी १९२८ च्या सुमारास हा शब्द वापरात आणला. पुढे १९८० नंतरच्या काळात मिगेल अल्तिएरी व स्टीफन ग्लिसमन यांच्या लेखनाने या विषयास व्यवस्थित रूप आले.

पुष्कळांचा असा समज आहे की, रासायनिक खत टाकले नाही म्हणजे काम झाले. आम्हांस हा समज अपुरा वाटतो. ग्लिसमन यांनी या मार्गाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. खते व औषधे बेताने वापरणे ही पहिली. त्यांच्या जागी शेणखत किंवा कडुनिंबाचा अर्क यांसारखे पर्याय आणणे ही दुसरी. या दोन पायऱ्यांवर शेताची मूळ घडण बदलत नाही. तिसऱ्या पायरीवर शेताची मांडणीच अशी करावयाची की, रोग, कीड व नापिकी यांना मुळात वाव मिळू नये. चौथ्या पायरीवर पिकविणारा आणि खाणारा यांचा तुटलेला संबंध जोडावयाचा, आणि पाचवीवर न्यायावर आधारलेली अन्नव्यवस्था उभारावयाची. जी योजना दुसऱ्या पायरीवरच थांबते, तिने प्रवासास केवळ आरंभ केला असे म्हणावे लागेल.

गोमंतकातील वाचकांस याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. नद्यांच्या खाऱ्या पाण्याच्या काठी बांध घालून आपल्या पूर्वजांनी जी खाजन जमीन निर्माण केली, ती सुमारे १८ हजार हेक्टर भरते. या बांधांत ठिकठिकाणी ‘मानस’ बसविलेली असते. मानस म्हणजे लाकडी झडपांचे पाणदार. भरतीच्या वेळी बाहेरील पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटीस आतील पाणी तिला ढकलून नदीत निघून जाते. पावसाळ्याच्या सरींनी मातीतील खार धुऊन निघतो आणि क्षार सोसणारे ‘कोरगूट’ भात तेथे वाढते. आतल्या ओहोळात मासे व कोळंबी मिळते, तर बांधाबाहेरील खारफुटी लाटांचा मारा आपल्या अंगावर घेते. बांध कोणी दुरुस्त करावा, मानशीवर कोणी लक्ष ठेवावे, याची व्यवस्था गावकरी, म्हणजेच कोमुनिदाद, पाहत असे. ही व्यवस्थाही त्या शेतीचाच एक अवयव होती, हे विसरता कामा नये.

१९६४ च्या कूळकायद्यानंतर ही जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे आली. कसणाऱ्यास हक्क मिळाला हे न्याय्यच झाले. परंतु सामाईक कामाची जुनी घडी कित्येक गावांत विस्कटली. बांध फुटले आणि शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. आता अशा शेतास ‘रसायन वापरले काय’ हा एकच प्रश्न विचारून पाहावा. तेथे खताचा कणही पडत नाही. म्हणून त्यास पूर्ण गुण द्यावयाचे काय? दुसरी कसोटी पैशाची घ्या. मासळीसाठी मानस भरतीलाही उघडी ठेवली, तर हंगामात प्राप्ती वाढेल. पण खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरून भाताची जमीन नासेल. एका मापाने मोजले तर दोन्ही वेळा उत्तर चुकते.

म्हणूनच अनेक मापे लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये या शेतीचे दहा घटक मांडले. विविधता, पुनर्वापर, संकट सोसण्याची शक्ती, ज्ञानाची देवघेव, खाद्यपरंपरा आणि जबाबदार कारभार हे त्यांपैकी काही होत. २०१९ मध्ये संघटनेने ‘टेप’ नावाची मूल्यमापनाची पद्धती तयार केली. तीत प्रथम प्रदेशाची परिस्थिती पाहतात. मग दहा घटकांना गुण देतात. नंतर प्रत्यक्ष परिणाम तपासतात. जमिनीचा हक्क, उत्पादन, उत्पन्न, मातीचे आरोग्य, विषारी औषधांशी येणारा संपर्क, घरातील आहार, स्त्रियांचे स्थान, तरुणांस काम, अशा गोष्टी त्यांत येतात. शेवटी हे निष्कर्ष शेतकऱ्यांसमोर ठेवून त्यांच्याशी विचारविनिमय करतात. विद्यार्थ्यांस हे सहज उमजेल. गुणपत्रिकेत केवळ एकूण बेरीज पाहिली, तर नापास झालेला विषय झाकला जातो.

कालावधीचेही भान हवे. श्रीलंकेत २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद करण्यात आली. पर्यायाची तयारी नव्हती. भाताचे उत्पादन घटले आणि त्याच वर्षाअखेर बंदी मागे घ्यावी लागली. नाती घडण्यास वर्षे लागतात, ती हुकुमाने घडत नाहीत.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानास मान्यता दिली. त्यासाठी २,४८१ कोटी रुपये ठरविण्यात आले असून एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा संकल्प आहे. एवढा पैसा खर्च व्हावयाचा असता, किती शेतकऱ्यांची नावे नोंदली गेली एवढ्यावरच यश मोजले जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

खाजनाकाठी राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत आपल्या वडीलधाऱ्यांस चार प्रश्न विचारावेत. आपल्या गावची मानस कोण सांभाळतो? बांध शेवटचा केव्हा दुरुस्त झाला? कोरगुटाचे बी कोणाच्या घरी आहे? मासळीचा पैसा कोणास मिळतो आणि त्यातून बांधावर किती खर्च होतो? उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत, आणि पुढील वर्षी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. दोन वर्षांची उत्तरे शेजारी ठेवली, म्हणजे आपल्या गावची शेती कोणत्या दिशेने चालली आहे, हे त्यांचे त्यांनाच कळेल.