चौरस हा आयतच! : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

फळ्यावर चौरस काढून ‘हा आयत आहे का?’ असे विचारले, तर बहुतेक मुले ठामपणे ‘नाही’ म्हणतात. अनेक पालकांचे उत्तरही तेच असते. भूमितीचे उत्तर मात्र ‘होय’ आहे. आकृतीच्या रूपावरून तिचे नाव ठरवण्याची सवय लागली की असे गैरसमज मूळ धरतात.

गैरसमज 1 : आयताची लांबी रुंदीपेक्षा जास्त असावीच लागते.

वस्तुस्थिती : आयताच्या व्याख्येत अट एकच आहे : चौकोनाचे चारही कोन काटकोन हवेत. लगतच्या बाजू असमान असाव्यात, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. चौरसाचे चारही कोन काटकोन असतातच. म्हणून प्रत्येक चौरस हा आयत असतो.

पूर्वी हे वर्गीकरण वेगळे होते. इ.स.पू. 300च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात चौरस आणि लांबट काटकोनी चौकोन असे दोन स्वतंत्र प्रकार मानले. आजच्या शालेय भूमितीत चौरसाचा समावेश आयतात होतो, आणि त्यामुळे पुष्कळ श्रम वाचतात. आयताचे कर्ण समान लांबीचे असतात व परस्परांना दुभागतात, हे एकदा सिद्ध केले की चौरसासाठी वेगळी सिद्धता लागत नाही. ‘लांबी गुणिले रुंदी’ या सूत्रातूनच ‘बाजूचा वर्ग’ हे सूत्र मिळते.

गैरसमज 2 : मग प्रत्येक आयतही चौरस असतो.

वस्तुस्थिती : नाही. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. ते आयत आहे, पण चौरस नाही. चौरसाला काटकोनांबरोबर चारही बाजू समान असण्याची अटही पाळावी लागते.

गैरसमज 3 : चारही बाजू समान असल्या की चौरस झालाच.

वस्तुस्थिती : तो समभुज चौकोन झाला. त्याचे कोन 60 आणि 120 अंशांचेही असू शकतात. त्यातला एक कोन जरी काटकोन निघाला, तरी उरलेले तिन्ही आपोआप काटकोन होतात आणि मगच तो चौरस ठरतो. खोलीची आखणी करताना गवंडी बाजू मोजून थांबत नाही. दोन्ही कर्णांनाही टेप लावतो. समोरासमोरच्या बाजू समान असूनही कर्ण असमान आले, तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही हे त्याला लगेच कळते.

गैरसमज 4 : चौरस तिरका ठेवला की तो चौरस राहत नाही.

वस्तुस्थिती : आकृती फिरवल्याने बाजू किंवा कोन बदलत नाहीत. टोकावर उभा केलेला चौरसही चौरसच.

गैरसमज 5 : परिमिती समान असली की क्षेत्रफळही समान असते.

वस्तुस्थिती : 20 सेंटिमीटर परिमितीचे आयत काढून पाहा. बाजू 9 आणि 1 असतील तर क्षेत्रफळ 9 चौरस सेंटिमीटर, 6 आणि 4 असतील तर 24, आणि 5 व 5 असतील तर 25. ठरावीक परिमितीच्या सर्व आयतांत सर्वाधिक क्षेत्रफळ चौरसाचे असते. चौरसाला आयतांतून वगळले, तर हा सुंदर नियम मांडताच येणार नाही.

म्हणूनच मुलांना ‘हा कोणता आकार?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘हा आकार कोणकोणत्या अटी पूर्ण करतो?’ हेही विचारावे. या प्रश्नाची सवय लागलेल्या मुलाला चौकोनांचे प्रकार पाठ करावे लागत नाहीत. ते त्याला स्वतःच ठरवता येतात.