पिकअप गाडीची नवी क्राउन-पिनिअन जोडी व तिची सुरुवातीची निगा

खेड, मावळ व हवेली या तालुक्यांत शेतकऱ्याच्या दारीं पूर्वीं बैलगाडी उभी असे. आज तेथें बहुधा पिकअप गाडी उभी असते. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व त्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढें चाकण येथें कारखान्यांची रांग लागली. २००५ सालीं निघालेली टाटा एस ही लहान मालगाडी आरंभीं पुण्याच्याच कारखान्यांत तयार होत असे. ज्या पट्ट्यांत अशीं वाहनें घडतात, तेथीलच शेतकऱ्यास आपल्या गाडीच्या मागल्या आंसांत काय चालतें याची माहिती नसावी, हें ठीक नव्हे. या अज्ञानाची किंमत आम्हीं स्वतः मोजली आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहों.

प्रथम रचना पाहूं. इंजिनाची शक्ति लांब दांड्यानें मागें येते. त्या दांड्याच्या टोकास लहान दांतेरी चाक असतें, तें पिनिअन. त्यास काटकोनांत भिडलेलें मोठें चाक म्हणजे क्राउन. ही जोडी शक्तीची दिशा वळविते, फेरे कमी करिते व जोर वाढविते. क्राउनला जोडून डिफरन्शिअलचीं लहान चाकें असतात. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. तो फरक हीं लहान चाकें संभाळतात. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या कारागिरानें ही युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच वाहनास लाविली होती. पुढें १९२६ सालीं अमेरिकेच्या पॅकार्ड मोटारींत हायपॉइड पद्धतीची जोडी आली. तींत पिनिअन क्राउनच्या मध्यरेषेच्या खालीं बसवितात. त्यामुळें पिनिअन मोठें व बळकट करितां येतें. मात्र दांते एकमेकांवर नुसते लोळत नाहींत, तर लांबीच्या दिशेनें घसरतातही. घसरणें म्हणजे घर्षण, व घर्षण म्हणजे उष्णता. सर्व निगेचें मूळ येथेंच आहे.

कारखान्यांतून आलेला दांता डोळ्यांस आरशासारखा दिसला, तरी सूक्ष्मपणें पाहतां त्यावर उंचवटे व खळगे असतात. नवी जोडी फिरूं लागली कीं सर्व भार त्या उंचवट्यांच्या टोकांवर पडतो. बेताच्या भारानें हीं टोकें हळूहळू दबून गुळगुळीत होतात, भार रुंद जागेवर पसरतो आणि उष्णता कमी होते. परंतु पहिल्याच दिवशीं पूर्ण ओझें घातलें, तर टोकांवर एवढी उष्णता उत्पन्न होते कीं तेलाचा पडदा फाटतो, लोखंडास लोखंड लागतें, दांते ओरखडतात आणि पोलादाचें पाणी उतरतें. एकदां पाणी उतरलेला दांता पुन्हां कठीण होत नाहीं.

हिशेबाची आम्हांस जुनी संवय आहे, म्हणून एक हिशेब देतों. पिनिअनला १० व क्राउनला ४१ दांते आहेत असें धरा. क्राउनचे १० फेरे होतात, तेव्हां पिनिअनचा प्रत्येक दांता क्राउनच्या प्रत्येक दांत्यास एकदां भेटतो. चाकाचा घेर २ मीटर धरल्यास एका किलोमीटरांत ५०० फेरे, म्हणजे प्रत्येक दोन दांत्यांच्या ५० भेटी. ८०० किलोमीटरांत त्याच भेटी ४०,००० होतात. एवढ्या भेटी सौम्यपणें झाल्या कीं जोडी एकमेकींस रुळते. नवा गोऱ्हा धरतांना पहिल्या दिवशीं कोणी त्यास नांगरास जुंपीत नाहीं. येथेंही न्याय तोच.

आतां आमची गोष्ट. आमच्या पुतण्याच्या पिकअपचा मागला आंस घुंघूं लागला, म्हणून एका कारागिराकडून नवी जोडी बसविली. त्या आठवड्यांत कांद्यास भाव चांगला होता. दुसऱ्याच दिवशीं गाडी शिगोशीग भरून मंचरकडून खेडचा घाट उतरून चाकणच्या बाजारांत नेली. कारागिरानें खुशाल माल घाला म्हटलें होतें हें खरें; पण घाई आमचीच होती. परत येतांनाच आवाज सुरू झाला. वीस दिवसांनीं हाउसिंग उघडलें तेव्हां दांत्यांवर निळसर झांक व उभे ओरखडे दिसले. जोडी, बेअरिंगें, तेल व मजुरी हा सर्व खर्च पुन्हां आला आणि त्या खेपेचा नफा त्यांतच गेला. चार दिवस भाड्याची गाडी केली असती, तर फार थोडक्यांत भागलें असतें.

जोडी बसवितांना मालकानें पुढील गोष्टी विचाराव्या. क्राउन व पिनिअन कारखान्यांत एकमेकांशीं घांसून जुळवितात व दोहोंवर एकच जुळणीचा आंकडा असतो, तो पाहावा. एकच चाक बदलूं नये. दोन दांत्यांमधील मोकळीक गाडीच्या पुस्तकांतील मापाप्रमाणें असावी; पुष्कळ गाड्यांत ती मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याच्या आंतच असते. दांत्यांस रंग लावून फिरविल्यावर ठसा दांत्याच्या मध्यभागीं उमटला पाहिजे. कांठावर उमटल्यास बसवणी चुकली असें समजावें. बसवणीच चुकली असेल, तर पुढील कोणतीही निगा उपयोगी पडत नाहीं.

तेलाविषयीं विशेष दक्षता हवी. हायपॉइड जोडीस बहुधा जी. एल. ५ प्रतीचें तेल लागतें. त्यांत गंधक व स्फुरद यांचीं द्रव्यें असतात. तीं उष्णतेनें पोलादावर पातळ थर धरतात व दांत्यांस वांचवितात. जाडी ८० डब्ल्यू ९० कीं ८५ डब्ल्यू १४० हें पुस्तकांत पाहावें. गाडी सपाट जागीं उभी करून भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरावें. हाच नियम ट्रॅक्टरास मात्र लावूं नये. पुष्कळ ट्रॅक्टरांत मागल्या आंसाचें तेल ब्रेक व हायड्रॉलिक यांसही पुरतें, म्हणून तेथें कंपनीनें सांगितलेलेंच तेल घालावें.

नंतरचा क्रम असा. पहिल्या दिवशीं गाडी रिकामी ठेवून चाकण-शिक्रापूरसारख्या सपाट रस्त्यानें पंचवीस किलोमीटर मध्यम वेगानें न्यावी. वेग अधूनमधून कमीजास्त करावा. क्लच झटक्यानें सोडूं नये. मग अर्धा तास गाडी थांबवून आंस निवूं द्यावा. असें तीन-चार वेळां करावें. पुढें ८०० किलोमीटरपर्यंत पूर्ण माल, ट्रेलर व लांब चढ टाळावे. नंतरही पहिल्या भरल्या खेपा जवळच्या ठेवाव्या. ८०० किलोमीटरांस तेल गरम असतांना काढून नवें भरावें, कारण झिजेचा सर्व बारीक चुरा त्या पहिल्या तेलांत असतो. चुंबकी बुचावर राखाडी लेप दिसला तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु कपचे किंवा तुकडे दिसले तर गाडी चालवूं नये. कंपनीच्या पुस्तकांत याहून निराळें सांगितलें असल्यास तेंच प्रमाण मानावें.

आणखी दोन सूचना. आंस तापलेला असतां गाडी ओढ्यांत घालूं नये किंवा धुऊं नये. आंतली हवा आकसते व श्वासनळींतून पाणी ओढलें जातें. मग तेल दुधासारखें पांढरें होतें व तें लगेच बदलावें लागतें. दुसरें, आवाजाकडे कान असावा. जोर देतांना किंवा सोडतांनाच घूं होत असेल, तर दोष बहुधा दांत्यांच्या जुळणींत असतो. सतत गुरगुर असल्यास बेअरिंग तपासावें.

सुगीच्या तोंडावर जोडी बदलण्याचा प्रसंग शक्यतों येऊं देऊं नये. आवाज ऐकतांच, काम कमी असतांना, ती दुरुस्ती करून घ्यावी. बाजार दर आठवड्यास भरतो व भाव पुन्हां येतो. ओरखडलेला दांता मात्र पूर्ववत् होत नाहीं. आमच्या चुकीपासून एकाही शेतकरी बंधूचा खर्च वांचला, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.