कोल्हापूरची माणसं

कोल्हापूर म्हटलं की अनेकांना आधी तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. मला आठवतात सिनेमावाले बाबूराव पेंटर! मूळ आडनाव मेस्त्री, जन्म १८९० चा. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचं वेड लागलं आणि चुलतभाऊ आनंदरावांबरोबर त्यांनी चक्क कॅमेराच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. शिष्य दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये देशी कॅमेरा पुरा केला. विचार करा, तयार नकाशा हातात नाही, जुना प्रोजेक्टर खोलून त्याची यंत्रणा समजून घ्यायची! पुढं १९२० मध्ये बाबूरावांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला.

त्यांच्याच हाताखाली कोल्हापूरचे चित्रपट दिग्दर्शक व्ही. शांताराम घडले. १९२९ मध्ये ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी सुरू झाली तीही इथंच; पुण्याला ती नंतर गेली. दिग्दर्शक भालजी पेंढारकर इथलेच. सिनेमाबाहेर पाहिलं, तर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्मही इथलाच, १९३८ चा.

आणि कोल्हापूरची नेमबाजी! तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं. २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा.