घशाचे ऑपरेशन : जखम भरण्याची मशागत आधीच करा

कामानिमित्त गावोगाव फिरताना एक वाक्य कानावर येते. 'कॅन्सर निघाला, पण जखम काही भरंना.' मग कोणी डॉक्टरला बोल लावतो, कोणी नशिबाला. मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण जखम का चिघळते याची बरीच कारणे ठाऊक झालेली आहेत आणि त्यातली काही ऑपरेशनआधीच दुरुस्त करता येतात. ती शेतकरी बंधूंना कळावीत म्हणून हा प्रपंच.

स्वरयंत्राचा कॅन्सर वाढलेला असला तर पूर्ण स्वरयंत्र काढतात. रोगी मानेवरच्या छिद्रातून श्वास घेतो आणि घशाची नळी आतून शिवून घेतात. ही शिवण कोरडी राहत नाही. रोज अर्धा ते दीड लिटर लाळ तिच्यावरूनच जाते. शिवण कुठे उसवली की लाळ मानेच्या कातडीतून बाहेर झिरपते. डॉक्टर याला फिस्टुला म्हणतात. बहुतेक वेळा ड्रेसिंग व औषधांनी तो भरतो, पण मुक्काम लांबतो, खर्च वाढतो. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत ही घाण पोचली तर जिवावर बेतते.

धोका कोणाला जास्त? पहिला, ज्याने आधी शेक म्हणजे रेडिएशन घेतले आहे त्याला. शेकाने बारीक रक्तवाहिन्या आटतात. पाट बुजलेल्या वाफ्यात पाणी पोचत नाही, तसे जखमेला रक्त पोचत नाही. अशा वेळी सर्जन छातीचा निरोगी स्नायू वळवून शिवणीवर आधार देतात. शेकाने थायरॉइडही मंदावते, म्हणून त्याची रक्ततपासणी करून घ्यावी.

दुसरा, अशक्त माणूस. गिळता येत नाही म्हणून पोटात काही जात नाही. साठ किलोचा गडी सहा महिन्यांत ५४ वर आला तर ती धोक्याची खूण समजावी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तरी जखम रेंगाळते. दूध, अंडी, डाळ, मऊ खिचडी यांनी अंगात ताकद आणावी. गिळवतच नसेल तर नाकातल्या नळीने आहार देता येतो. मात्र ताकद येईपर्यंत थांबू म्हणून ऑपरेशन आपल्या मनाने पुढे ढकलू नका. रोग थांबत नाही.

तिसरा, मधुमेही. साखर आटोक्यात हवी. चौथा, बिडी न सोडणारा. धुराने रक्तवाहिन्या आकसतात. निदान झाले त्याच दिवशी बिडी-तंबाखू बंद करावी. ऑपरेशनआधी चार आठवडे मिळाले तर फारच बरे.

घरच्यांनीही पथ्य पाळायचे आहे. 'बिचाऱ्याचा घसा सुकलाय' म्हणून घोटभर चहा तोंडाने पाजू नका. डॉक्टर सांगेपर्यंत नळीनेच द्या. जखमेवर हळद, राख, पाला लावू नका. ताप आला, मान लाल झाली, सुजली किंवा जखमेतून लाळ व घाण वास आला तर पेरणी असो की सुगी, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आले तर क्षणाचाही उशीर नको.

पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. आणि तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसला असेल तर गुळण्या करीत बसू नका, घसा दाखवून घ्या. रोग लवकर सापडला तर स्वरयंत्र वाचण्याचीही आशा असते.