बोलणारीं जनावरें : आळ्याचा रेडा आणि नाईलकांठची गाय

पुणें-नाशिकचा रस्ता आणि माळशेज घाटानें येणारा रस्ता आळेफाट्यावर एकमेकांस छेदतात. तेथून जवळच आळे गांवीं एक समाधी आहे. जुन्नरकडील कित्येक श्रोत्यांनीं ती पाहिली असेल. ती कोणा राजाची किंवा साधूची नसून एका रेड्याची आहे.

कथा सर्वांस ठाऊक आहे. संन्याशाचीं मुलें म्हणून वाळींत पडलेलीं चार भावंडें शुद्धिपत्र मागावयास पैठणास गेलीं. तेथें पखाल वाहणारा एक रेडा चालला होता. त्याचेंही नांव ज्ञानाच, असें म्हणून कोणीं ज्ञानदेवांचा उपहास केला. तेव्हां रेड्याच्या पाठीवर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, आणि त्यांनीं मस्तकीं हात ठेवतांच रेडा वेद म्हणूं लागला. पुढें परतीच्या वाटेवर आळ्यास तो निवर्तला, अशी परंपरा आहे.

रेडा खरोखरच बोलला काय, हा प्रश्न शाळेंतील मुलेंही विचारतात. त्याहून उपयोगी प्रश्न निराळा आहे : ही कथा ज्यांनीं शतकानुशतकें सांगितली, त्यांच्या मनांत काय सलत होतें? बैलाला पोळ्याच्या दिवशीं पुरणपोळी मिळते. रेड्याच्या वांट्यास ओझें, आसूड आणि शिवीगाळ. शिवाय तो यमाचें वाहन. अशा जनावराच्या मुखीं कथेनें अभंग घातला नाहीं, वेदच घातला. म्हणजे सांगणाऱ्यांना वेद पूज्य होता. सलत होतें तें त्याभोंवतालचें कुंपण. स्वतः ज्ञानदेवांनीं १२९० मध्यें पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायांत वेदाला कृपण ठरविलें आहे, कारण तो तीन वर्णांपुरताच बोलतो. स्त्रिया व शूद्र बाहेरच राहतात. ओवींत जी तक्रार आहे, तिलाच कथेनें शिंगें आणि पाठीवर पखाल दिली. महिपतींनीं ती १७६२ मध्यें ‘भक्तविजया’त ओवीबद्ध केली, तेव्हां ज्ञानदेवांना समाधी घेऊन साडेचारशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं, आणि तक्रार मिटली नव्हती.

हीच कसोटी दूरच्या मिसर, म्हणजे इजिप्त, देशाच्या कथांस लावून पाहण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें १२०० मध्यें लिहिलेली दोन भावांची एक गोष्ट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें पपायरसावर जतन केलेली आहे. धाकटा बाटा हा थोरल्या अनूबिसचीं गुरें राखतो. अमक्या जागीं गवत चांगलें आहे, असें गुरें सांगतात, आणि तो तिकडे हांकतो. भावजयीच्या खोट्या आळानें थोरला भाऊ भाला घेऊन गोठ्याच्या दाराआड दडतो, तेव्हां पहिलीच गाय बाटाला सावध करते. येथें गाईच्या बोलण्याचें कोणास नवल वाटत नाहीं. जो गुरें नीट राखतो त्याला त्यांची भाषा कळते, हें त्या शेतकरी समाजानें गृहीतच धरलें आहे. पैठणास मात्र सारें नवलच, कारण तेथें बोलण्याच्या अधिकाराचा वाद होता.

जनावराची समाधी मिसरलाही होती, आणि ती फार भव्य. मेम्फिस नगरींत आपीस नांवाचा बैल देव मानीत. तो मेल्यावर त्याचें शव मसाले भरून सक्कारा येथील भुयारांत ठेवीत. फ्रेंच संशोधक मारिएत यानें १८५१ मध्यें तीं भुयारें उघडलीं, तेव्हां प्रचंड दगडी पेट्या दृष्टीस पडल्या. इराणच्या कँबायसीज राजानें आपीसला भोंसकलें, असें ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. उलट, त्याच राजाच्या कारकीर्दींत, इ. स. पू. ५२४ मध्यें, आपीसला यथाविधि पुरल्याचा शिलालेख तेथेंच मिळाला. त्या गोष्टीवरून कँबायसीजपेक्षां परकी सत्तेखालच्या मिसरी लोकांचा रागच अधिक कळतो.

एक आपीस गेला कीं त्याच खुणांचा दुसरा शोधून आणीत. आळ्याच्या रेड्याचा वारस कोणीं शोधला नाहीं. समाधीला हात जोडून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यांतला रेडा पूर्वीप्रमाणेंच ओझें वाहत राहिला, आणि वेदाचें कुंपणही पुढें कित्येक शतकें उभेंच होतें.