लेकराला ठाण्यात नेलं, तर

मंठ्याच्या किंवा परतूरच्या ठाण्यात सोळा वर्षांचं पोरगं मोबाइल चोरीच्या संशयावरून बसवून ठेवलंय, असा निरोप येतो आणि बाप वशिला शोधायला धावतो. आधी शोधावा शाळेचा निर्गम उतारा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात (कलम ९४) वयाचा पहिला पुरावा शाळेचा किंवा दहावीचा दाखला, मग ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. या कागदाची किंमत मोठी आहे. नाशिकजवळच्या २००३ च्या दरोडा-खून खटल्यात सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली होती. त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे ठरलं. २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष सुटले.

मूल अठराच्या आतलं असेल तर लॉकअप नाही, बेड्या नाहीत. ताबा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे, तोही साध्या कपड्यांत. पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि प्रवास वगळून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करणंही. साध्या चोरीत, सोबत सज्ञान आरोपी नसेल, तर एफआयआर न करता डायरीत नोंद होते.

खरी मेख चौकशीत आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार आई-बाप चौकशीच्या वेळी हजर राहू शकतात. ‘राहिलेच पाहिजेत’ असं मात्र नियम म्हणत नाही, त्यामुळे कुणी आपणहून खुर्ची देईल या भरवशावर राहू नये. ‘मी पोराजवळ बसणार’ हे स्पष्ट सांगावं. कबुलीसाठी दबाव आणता येत नाही, जबाबावर मुलाची सही मागता येत नाही.

‘कबूल कर, लगेच सोडतील’ हे पुष्कळदा घरचेच सांगतात, आणि तिथेच घात होतो. पोलिसांपुढची कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मुळे पुरावा ठरत नाही, हे खरं. पण ताब्यातल्या मुलाने सांगितलं आणि कडब्याच्या गंजीतून मोबाइल निघाला, तर त्या मोबाइलशी जोडलेलं त्याचं बोलणं कोर्टात येऊ शकतं. ठाण्यात नेण्याआधी गावातल्या चार माणसांपुढे वदवून घेतलेली कबुलीही पुढे येऊ शकते. तो पुरावा कच्चा, पण डोकेदुखी पक्की.

वकिलाला पैसे नसतील तर जालन्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. मुलांसाठी उत्पन्नाची अट नाही.